पाचशे जीबीची वाटणी

लोकांचा डेटा बुडू नये म्हणून एक कंपनी मला पगार देते. वर्षातून दोनदा मी साठ-सत्तर माणसांसमोर उभा राहून बॅकअपचं महत्त्व सांगतो आणि शेवटच्या स्लाइडवर एक जळणारं घर दाखवतो. लोक गंभीर होतात, एखादा वहीत काहीतरी लिहूनही घेतो. गेल्या उन्हाळ्यापासून माझी बायको म्हणते की त्या घराच्या जागी माझा फोटो लाव, लोकांना जास्त लवकर कळेल.

गेल्या वर्षी बाबा मे महिन्यात चँडलरला आले. शहाणी माणसं अ‍ॅरिझोनात मे महिन्यात येत नाहीत, असलेलीही कुठेतरी पळायचं बघतात. पण बाबांना दिवाळीला सांगलीत असायचं होतं आणि तिथून व्हिसाचे सहा महिने मागे मोजत गेलं की मे येतो. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर झळ तोंडावर आली तेव्हा ते म्हणाले, "हवा कोरडी आहे. बरी आहे." तक्रार करणं हे पाहुण्याचं काम नव्हे, हा त्यांचा नियम. मुलाच्या घरी आपण पाहुणेच, हा दुसरा. आई होती तेव्हा मागण्या तिच्यामार्फत यायच्या, "ह्यांना चहा जरा गोड लागतो" अशा. ती गेल्यापासून बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी सोबत एक लॅपटॉप आणला होता, अख्ख्या प्रवासात मांडीवर धरून. हा माझाच जुना लॅपटॉप, दहा वर्षांपूर्वी मी मोठ्या मनाने त्यांना दिलेला, म्हणजे मला नकोसा झालेला. वजनाला चांगला पाटा होता. त्यावर बाबांचा कुलवृत्तांत होता.

कुलवृत्तांत म्हणजे आमच्या आडनावाच्या झाडून साऱ्या माणसांची नोंद: कोण कुणाचा मुलगा, कुठे जन्मला, काय उद्योग केला, कुठे वारला. प्रत्येक घराण्यात एक तरी माणूस उतारवयात ह्या कामाला लागतो आणि उरलेले सगळे त्याला टाळायला लागतात. बाबांनी ह्यात आठ वर्षं घातली होती. भांड्यांचं दुकान सांभाळून, गावोगावच्या आडनावबंधूंना पत्रं लिहून, कुणाच्या लग्नपत्रिका तर कुणाच्या शाळेचे दाखले गोळा करून त्यांनी एकशे चाळीस पानं एका बोटानं टाइप केली होती. जानेवारीत कुलसंमेलन होतं, तिथे पुस्तक निघायचं ठरलं होतं. राहिलेली भर घालायची, चुका काढायच्या आणि सप्टेंबरात छापायला पाठवायचं, एवढंच उरलं होतं.

अडचण अशी की त्यांचा मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा आणि त्या जुन्या विंडोजवर आता इंटरनेटचं काही उघडायचं नाही. नातलगांच्या मेल बायकोच्या फोनवर यायच्या. बाबा त्या चष्मा लावून कागदावर उतरवायचे आणि मग कागदावरून लॅपटॉपवर. हे बघून मला राहवलं नाही. खरं तर राहवायला हवं होतं.

उपाय सोपा होता: बाबांना एक दुसरा लॅपटॉप आणून द्यायचा, मेल त्यावर, टायपिंग ह्यावर. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीनं तो जेवताना सांगितलासुद्धा. "व्हाय डोन्ट यू जस्ट गेट आबा अनदर लॅपटॉप?" पण इतक्या सोप्या उपायाला इंजिनिअर कशाला लागतो? मी जाहीर केलं की ह्याच लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचे कप्पे पाडू, प्रत्येक कप्प्यात एक वेगळी सिस्टिम घालू. चालू केला की तो विचारेल, कुठे जायचं? जुन्यात जाऊन टाइप करा, नव्यात जाऊन मेल बघा. आणि तिसऱ्या कप्प्यात लिनक्स. ते कुणालाच नको होतं. घरात लिनक्स असावं असं मला कॉलेजपासून वाटत आलंय, जसं काही घरांत कुणाला वाजवता येत नसतानाही पेटी असते.

कामाला लागण्याआधी मी अर्थातच एक्सेल शीट केलं. त्यात कप्प्याचं नाव, आकार, मालक, हेतू आणि धोका असे रकाने होते. धोक्याच्या रकान्यात मी सगळीकडे 'कमी' लिहिलं. सात आवृत्त्यांनंतर वाटप ठरलं: दोनशे जीबी बाबांचं जुनं विंडोज, शंभर माझं लिनक्स, दीडशे नवं विंडोज आणि पन्नास शिल्लक. ह्या शेवटच्या कप्प्याच्या हेतूत मी 'असू दे' असं लिहिलं होतं. आमच्या घरात दह्याचे रिकामे डबे ठेवण्यामागेही हाच हेतू असतो. सातव्या आवृत्तीची प्रिंट काढून मी फ्रिजवर लावली आणि रविवारी सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगितलं. मुलगी फोन बघत होती, बायको कोथिंबीर निवडत होती. बाबांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे वाटणीच की," ते म्हणाले.

"वाटणीच म्हणा."

"मग सामाईक काय ठेवलंस?"

"सामाईक काही नाही, बाबा. प्रत्येकाला आपापलं स्वतंत्र. तेच तर चांगलं असतं."

"विहीर वाटत नसतात," बाबा म्हणाले आणि कोथिंबिरीची एक जुडी आपल्याकडे ओढून घेतली.

बाबांना वाटण्यांतलं कळतं हे मला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांची आणि मोठ्या काकांची वाटणी झाली, तेव्हा दुकानाच्या मधोमध भिंत आली. तांबं-पितळ काकांकडे गेलं, स्टील आमच्याकडे आलं. मागच्या घराचंही तसंच झालं. फक्त परसातली विहीर दोघांची राहिली, अर्धा कठडा इकडे, अर्धा तिकडे. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भिंतीपलीकडे काका शिंकले तर बाबांना ऐकू यायचं, पण बोलणं नाही. मला वाटलं म्हातारपणी माणसाला प्रत्येक गोष्टीत आपलीच गोष्ट दिसते. मी समजूतदारपणे हसलो आणि विषय बंद केला. डिस्कचे जाणकारही हेच सांगतात की सिस्टिमा वेगळ्या ठेवा आणि कामाचे कागद एका सामाईक कप्प्यात ठेवा. मी स्वतः ते ऑफिसात लोकांना सांगतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

बॅकअपचंही मी विचारलं होतं, तेवढं श्रेय मला द्यायला हवं.

"बाबा, ह्याची दुसरी कॉपी आहे ना कुठेतरी?"

"आहे की."

"नक्की?"

"आहे म्हटलं ना."

मला वाटलं दुसरीकडे पेन ड्राइव्हवर असेल. ऑफिसात एखाद्या ग्राहकानं 'आहे की' म्हटलं असतं तर मी त्याच्याकडून तीन पानी फॉर्म भरून घेतला असता. इथे बाप होता, बापावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला घाई झाली होती.

पहिल्या शनिवारी सगळं शिस्तीत झालं. चारही कप्पे पाडले आणि नवं विंडोज बसवलं. बाबांचं जुनं जसंच्या तसं उघडलं, कुलवृत्तांत जागच्या जागी होता. लिनक्सचा कप्पा रिकामा ठेवून मी पुढच्या शनिवारची वाट बघू लागलो, कारण आनंद पुरवून खायचा असतो.

मधल्या बुधवारी स्वयंपाकघरात काय झालं ते मला नंतर कळलं. बाबा ताकाचा ग्लास विसळत बायकोला म्हणाले, "मला दोनशे कशाला गं? माझी पानं ती किती. शंभरात आरामात भागेल. उगाच तुमची जागा अडवून बसलोय." तिनं नको-नको म्हटलं, त्यांनी नाही-नाही म्हटलं. ह्या खेळात आमच्याकडे नेहमी मोठं माणूस जिंकतं. अमेरिकन सासऱ्यानं दोनशे घेतले असते आणि थँक यू म्हटलं असतं. मग बाबा म्हणाले, "त्यापेक्षा तेवढ्यात एखादा सामाईक कप्पा करता येईल का?" बायको नागपूरची, तिलाही हेच काम येतं आणि माझ्यापेक्षा बरं येतं. तिला ते पटलं. तिनं बाबांचा कप्पा शंभरावर आणला, सुटलेल्या शंभरात शेजारचा माझा रिकामा शंभर मिळवला आणि दोनशेचा सामाईक कप्पा केला. लिनक्सला 'असू दे'मधले पन्नास दिले, तेही खूप झाले म्हणाली. बाबांचे कागद सामाईकमध्ये हलवायचं काम तिनं रविवारवर ठेवलं, कारण आठवडाभर तिचीही नोकरी होती.

तिनं मला सांगितलंसुद्धा. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतो. ती दारात येऊन म्हणाली, "अरे, शीट अपडेट केलंय मी. आठवं व्हर्जन आहे, बघून घे यार." मी अंगठा दाखवला. त्या मीटिंगचा विषय, सांगायला लाज वाटते, 'बदलांची नोंद कशी ठेवावी' हा होता.

दुसऱ्या शनिवारी सकाळी बायको मुलीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. बाबा आंघोळीला गेले होते. मी फ्रिजवरून सातवी आवृत्ती काढून शेजारी ठेवली आणि लिनक्स बसवायला घेतलं. पडद्यावर कप्प्यांची यादी आली. त्यात नावं नव्हती, फक्त क्रमांक आणि आकार: शंभर, दोनशे, दीडशे, पन्नास. माझ्या कागदावर दोनशे म्हणजे बाबा आणि शंभर म्हणजे मी. हिशेब तंतोतंत जुळत होता. शंभरचा कप्पा दुसऱ्याऐवजी पहिला का दिसतोय, असा प्रश्न अडाण्याला पडला असता. मला पडला नाही. त्या प्रोग्रॅमनं मला दोनदा विचारलं की ह्या कप्प्यातलं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं, दुसऱ्या वेळी थोडं वैतागून.

वीस मिनिटांत लिनक्स बसलं. बाबा केस पुसत आले, टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसले. चालू केल्यावर यादी आली, तिच्यात दोनच नावं होती. बाबांनी चष्मा वर-खाली करून ती दोनदा वाचली.

"ह्यात माझं कुठाय?" त्यांनी विचारलं.

त्यानंतरचे चार दिवस मी ऑफिसातून सुट्टी काढली. पुसलेला डेटा परत काढायची जेवढी म्हणून हत्यारं मला माहीत आहेत तेवढी चालवून पाहिली. ज्या कप्प्यावर नवीन सिस्टिम लिहिली गेलीय तिथून काय परत येतं आणि काय येत नाही हे मी लोकांना शिकवतो, त्यामुळे उत्तर मला पहिल्याच तासात माहीत होतं. तरी चार दिवस बसलो. एका लग्नाचे सत्तर फोटो आले, प्रत्येक फोटोत अर्धा माणूस. स्टीलच्या डब्यांची एक किंमतयादी आली, पूर्ण आणि सुवाच्य. कुलवृत्तांताच्या फायलींची फक्त नावं आली: 'कुल शेवटचे', 'कुल शेवटचे नवीन', 'कुल खरोखर शेवटचे'. आत काही नव्हतं.

बायको क्लासहून आल्या आल्या एकदा म्हणाली, "मी सांगितलं होतं." मग माझा चेहरा बघून पुन्हा म्हणाली नाही. बाबा रोज दुपारी एकला येऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "जेवून घे आधी." मला वाटायचं ओरडावं ह्या माणसानं, आठ वर्षं गेलीत त्याची. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या खोलीत गेलो. ते पलंगाच्या अगदी कडेला बसले होते, पलंग दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे. मी सांगितलं की काही परत येणार नाही आणि चूक पूर्ण माझी आहे. एवढं बोलून मला रडू आलं. त्रेचाळिसाव्या वर्षी बापासमोर रडताना हात कुठे ठेवायचे तेही कळत नाही.

"दुसरी कॉपी आहे," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"सांगलीत. अण्णाकडे."

अण्णा म्हणजे मोठे काका. मग बाबांनी भिंतीकडे बघत सांगितलं ते असं. कुलवृत्तांताचं पहिलं प्रकरण लिहून झालं तेव्हा ते तपासायला कुणी नव्हतं. जुनी माणसं, जुने संबंध माहीत असलेला एकच इसम होता आणि त्याच्याशी बोलणं नव्हतं. तेव्हा त्यांनी पानं छापून विहिरीच्या कठड्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला. दोन दिवसांनी पानं तिथेच परत आली, लाल पेनानं दुरुस्त केलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आठ वर्षं असंच चाललं होतं. अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी सगळी एकशे चाळीस पानं कठड्यावर ठेवली आणि टॅक्सीत बसले.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, कॉपी आहे का. मी म्हटलं, आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे सांगलीत रात्रीची जेवणं झाल्यावर, बाबांनी माझ्या फोनवरून काकांना फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर लावला होता. त्याआधी त्यांनी शर्ट बदलला होता.

"कोण?" काकांचा आवाज आला.

"मी."

मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"बोल."

"ते कागद आहेत का?"

"आहेत. एकशे बारा पानं तपासून झालीत. बऱ्याच चुका आहेत."

"असतील. इथलं कॉम्प्युटरवरचं सगळं गेलं."

"कुणी घालवलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गेलं," ते म्हणाले.

"पोरानं असणार," काका म्हणाले. "तो त्यातलाच इंजिनिअर ना?"

बाबा हसले. आवाज न करता, खांदे हलवून हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर हसत होते, पण त्या वेळी मला ते चालत होतं.

काकांच्या सुनेनं सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले. मग महिना-सव्वा महिना रोज संध्याकाळी आम्ही बसलो. बाबा वाचायचे, मी टाइप करायचो, नव्या विंडोजमध्ये, आजकालच्या साध्या मराठी कीबोर्डवर. त्या जुन्या प्रोग्रॅमची आता गरजच नव्हती, म्हणजे जुन्या विंडोजचीही नव्हती आणि त्यासाठी पाडलेल्या कप्प्यांचीही नव्हती. दहा बोटांनी सगळं काम पाच आठवड्यांत झालं. हे आठ वर्षांत कधीही करता आलं असतं, पण त्यासाठी मला बाबांच्या शेजारी बसावं लागलं असतं.

काकांचं लाल पेन निर्दय होतं. कुणाची जन्मतिथी, कुणाचं गाव, कुणाची दुसरी बायको, सगळं त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं. बाबा प्रत्येक दुरुस्ती वाचून "हं" म्हणायचे आणि मला घालायला सांगायचे. एक्याण्णवाव्या पानावर त्यांची स्वतःची पिढी आली. काकांची नोंद होती: नाव, जन्म, शिक्षण, धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा, राहणार सांगली. आणि शेवटी दोन शब्द बाबांनी लिहिले होते, 'वाटणीनंतर विभक्त'. त्यावर लाल रेघ होती, इतकी दाबून मारलेली की फोटोतही कागद फाटलेला दिसत होता.

बाबा वाचता वाचता थांबले.

"हे दर वेळी खोडतो तो," ते म्हणाले. "मी दर वेळी परत घालतो."

मी कीबोर्डवर हात ठेवून थांबलो. घालू का, असं विचारलं. बाहेर शेजाऱ्यांचं स्प्रिंकलर चालू झालं. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, परत खाली घेतला.

"गेलं त्यात ते गेलं," ते म्हणाले. "पुढचं नाव घे."

मी पुढची ओळ घेतली आणि मोठ्या काकांच्या खाली बाबांचं नाव टाइप केलं.